प्रभारी

खुर्चीत बसलेल्या माणसाला आधी त्याच्या बायकोचा फोटो दाखवण्यात आला. पडद्यावरची रेषा हलली नाही. मग मुलीचा दाखवला. रेषा किंचित वर उचलली गेली आणि पुन्हा आडवी झाली. त्यानंतर डोंगराच्या चढावरून सरकणाऱ्या एका निळ्या पाळण्याचा फोटो आला, आणि रेषा थरथरू लागली ती फोटो काढून घेतल्यावरही थांबेना.

"हे घरी कळवत नाहीत ना?" खुर्चीतल्या माणसाने विचारलं.

"निकाल जाहीर असतो," डॉ. तेजस्विनी ओगले म्हणाल्या. "कायद्यातच आहे तसं."

त्या माणसाचं नाव मकरंद निकम. सातारा शहरातून यवतेश्वरच्या पठारावर जाणारा रज्जुमार्ग त्यांच्या देखभालीखाली होता. अर्धा सातारा सकाळी त्या पाळण्यांत बसून वर कामाला जायचा आणि संध्याकाळी खाली यायचा. निकम मात्र सहसा पायवाटेने जात. पाळण्यात बसलं की दोर दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या काळात महाराष्ट्रात अभियंता नसलेला माणूस सापडणं अवघड झालं होतं. आरेखयंत्रं आल्यापासून पूल, धरणं, चपला आणि चहाची गाळणी या सगळ्यांचे आराखडे यंत्रंच काढत. माणसाने काय हवं ते तोंडाने सांगायचं. जो सांगेल तो अभियंता. लग्नं जुळवणारे स्वतःला अनुरूपता अभियंता म्हणवत. झाडू मारणारी यंत्रं भाड्याने देणारे स्वच्छता अभियंता होते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर खालच्या रांगेतले सगळे चेहरे 'इंजि.' असत. लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाआधी 'इंजि.' दिसलं नाही तर मुलीकडचे हळूच चौकशी करत, मुलाला काही दुखणं आहे का म्हणून.

मग एका गावचा पादचारी पूल पडला. त्याच्या कोनशिलेवर इतक्या अभियंत्यांची नावं होती की कोनशिलेचा पाया पुलापेक्षा खोल घ्यावा लागला होता, आणि पूल पडल्यावर ती तेवढी उभी होती. चौकशीत प्रत्येकाने सांगितलं, मला वाटलं दुसरा बघतोय. सगळ्यांची बोटं फिरत फिरत शेवटी यंत्राकडे गेली. यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही. म्हणून विधिमंडळाने अभियंता उपाधी संरक्षण कायदा केला आणि तो राबवायला उपाधी परिषद नेमली. परिषदेचे सचिव होते पद्माकर सरनोबत. याआधी ते मधमाशी मंडळावर होते, आणि तिथल्यापेक्षा इथे त्रास कमी आहे, असं त्यांचं सुरुवातीचं मत होतं.

उपाधी कुणाला द्यायची, हा प्रश्न घेऊन सरनोबत प्रथम ओगलेबाईंच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा थकलेले होते. पदवी पाहून उपयोग नव्हता, कारण पदव्याही यंत्रच मिळवून देत होतं. परीक्षा घ्यावी तर उत्तरं यंत्राला येत होती. अनुभव विचारावा तर सगळ्यांनाच आराखडे मागवण्याचा दांडगा अनुभव होता.

"मग माणसाकडे राहिलं काय?" त्यांनी विचारलं. टिपणीत लिहायला त्यांना एखादं वाक्य हवं होतं.

"धास्ती," ओगले म्हणाल्या. "सरनोबतसाहेब, तुम्ही घराला कुलूप लावून निघता. कोपऱ्यावर गेल्यावर वाटतं ना, गॅस बंद केला होता का?"

"मला कधीच नाही वाटत."

"घरी कोण असतं?"

"मिसेस."

"मग त्यांना वाटत असणार. माझं सगळं संशोधन एवढंच आहे."

त्यांनी पुढे ते सविस्तर सांगितलं. एखादी गोष्ट आपल्याच भरवशावर उभी आहे असं माणसाला मनापासून वाटलं, की मेंदूचा एक कोपरा ती गोष्ट कशी कशी मोडेल याची तालीम सतत करत राहतो. माणूस जेवत असो, दाढी करत असो, तालीम चालूच. तिचा एक बारीक कंप असतो. ओगलेबाईंनी त्याला काळजीकंप नाव दिलं होतं आणि तो कातडीवरून टिपणारा कंपलेखक बनवला होता. ज्ञान यंत्राकडून उसनं मिळतं, हा कंप मिळत नाही. तो आणायचा म्हटला तरी आणता येत नाही.

"एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "हा कंप एका वेळी एकाच डोक्यात राहतो. दुसरं कुणी बघतंय अशी खात्री पटली की मेंदू ते काम सोडून देतो. मेंदू फार काटकसरी आहे."

"सरकारी आहे म्हणा," सरनोबत म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य टिपणीत घेतलं नाही.

नियम ठरला. ज्याच्या डोक्यात बांधकामाचा काळजीकंप, त्यालाच उपाधी. एका बांधकामाला एकच अभियंता. चाचण्या सुरू झाल्या आणि राज्यभर दारावरच्या पाट्या उतरू लागल्या. पाट्या रंगवणाऱ्यांना पूर्वी 'इंजि.' लिहिण्याचं काम मिळे, आता ते खोडण्याचं मिळू लागलं. कराडच्या एक बाई मुलाला चाचणीला घेऊन आल्या होत्या. चुकून कंपलेखकाची पट्टी त्यांनाच लागली, आणि घरी शेगडीवर ठेवून आलेल्या कुकरपायी त्यांचा कंप राज्यात दुसरा आला. परिषदेने तातडीची बैठक घेऊन कुकर हे बांधकाम नाही असा खुलासा केला. मुलगा नापास झाला.

पहिले आले निकम.

उपाधीबरोबर त्यांना एक मनगटपट्टी मिळाली. ती चोवीस तास कंप नोंदवून परिषदेकडे पाठवत असे. निकमांनी यापूर्वी नावाआधी कधी काही लावलं नव्हतं. ज्या रांगेत सगळेच उभे आहेत तिथे आपण कशाला, असं म्हणून ते टाळत. आता रांग रिकामी झाली होती. पुढच्या वर्षी रेवाचं, त्यांच्या मुलीचं, लग्न करायचं ठरत होतं. पत्रिकेवर वधूपित्याच्या नावाआधी 'इंजि.' यावं, एवढंच त्यांनी घरात मागितलं. त्यांच्या पत्नी सुलभाताई म्हणाल्या की घाला, आपली हरकत नाही, पण आपला फोटो दाखवल्यावर रेषेने काय केलं तेही खाली बारीक अक्षरात छापावं.

वर्षाने नूतनीकरणाची चाचणी आली. निकम खुर्चीत बसले. गेल्या वर्षभरात त्यांचं वजन वाढलं होतं, चेहरा उजळला होता, आणि रज्जुमार्गाने ते आता पाळण्यात बसून वर जात. निळ्या पाळण्याचा फोटो पडद्यावर आला. रेषा हलली नाही. ओगलेबाईंनी तारा तपासल्या. मग सुलभाताईंचा फोटो दाखवला. रेषा थोडी उचलली गेली.

राज्यातल्या प्रत्येक उपाधीधारकाचं तेच झालं होतं. पट्ट्यांच्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं की उपाधी मिळाल्यावर थोड्याच दिवसांत एकेकाची रेषा आडवी झालेली होती. वर्षभर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पट्टी बघते आहे असं परिषदेला वाटत होतं.

सरनोबत प्रयोगशाळेत आले आणि न विचारता बसले.

"काय झालं ते मला दोन वाक्यांत सांगा. मंत्रालयात तिसरं कुणी ऐकत नाही."

"आपण त्यांच्या हाताला पट्टी बांधली," ओगले म्हणाल्या. "मेंदूला वाटलं, चला, कुणीतरी बघणारा आला."

"पण पट्टी दोर बघत नाही. ती त्यांना बघते."

"मेंदूला तेवढं पुरतं. आणि वर राज्याने लिहून दिलं की हा काळजी करणारा माणूस आहे. शिक्का बसला की काळजी झाल्यासारखीच वाटते. साहेब, मी आधीच म्हणाले होते. मलाच ते नीट ऐकू आलं नाही."

सरनोबतांनी नियमाप्रमाणे केलं. सगळ्यांच्या उपाध्या रद्द झाल्या. निकम पट्टी परत करायला आले ते ऐन लग्नसराईत. रेवाच्या पत्रिकेचा मसुदा छापखान्यात गेलेला होता. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि मनगटावरचा पांढरा पडलेला भाग चोळला. ओगलेबाईंनी त्यांना उपकरण तपासायचं निमित्त सांगून एकदा खुर्चीत बसायला सांगितलं. फोटो दाखवायच्या आधीच रेषा थरथरायला लागली.

"मॅडम, लवकर सोडाल का?" निकम म्हणाले. "आज येताना वरच्या चाकाचा आवाज वेगळा आला. वर्षभर येत असणार. मला कसा नाही आला ऐकू?"

त्याच दुपारी त्यांनी रज्जुमार्ग बंद करायला लावला. वरच्या स्थानकातल्या मोठ्या चाकाचं बेअरिंग झिजून चाक कलंडायला आलं होतं. ते सुटलं असतं तर दोर खाली गेला असता, आणि पाळणे दोरालाच असतात.

ही बातमी ओगलेबाईंनी सरनोबतांना सांगितली.

"म्हणजे ज्याला उपाधी द्यावी तो त्या क्षणी अपात्र होतो," ते म्हणाले. "आणि काढून घेतली की पात्र होतो. कायदा म्हणतो, उपाधीधारक नसेल तर रज्जुमार्ग चालवायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"कायद्यात लिहिलंय, उपाधी प्रदान करावी. कळवावी असं कुठे लिहिलंय?"

ओगलेबाईंनी कायदा उघडून पाहिला. लिहिलेलं नव्हतं.

"निकमांना उपाधी द्या. कपाटात ठेवा. त्यांना सांगा, जागा रिकामी आहे, भरती होईपर्यंत तुम्ही प्रभारी. कंपलेखक शिरस्त्राणाच्या अस्तरात शिवा. सकाळी ते डोक्यावर घालतील, रेषा हलली की मार्ग सुरू. त्यांना वाटेल बटणाने झाला."

"आणि भरती?"

"बाई, मी परिषद स्थापन झाल्यापासून प्रभारी सचिव आहे," सरनोबत म्हणाले. "माझ्या जागेची जाहिरात दर वर्षी निघते."

हळूहळू राज्यातली सगळी धरणं, पूल आणि बोगदे प्रभाऱ्यांच्या ताब्यात गेले. अपघात जवळजवळ थांबले. अभियंता नेमका कोण, हे राज्यात दोनच माणसांना माहीत होतं, आणि सरनोबत निवृत्त झाल्यावर ते सांभाळणारं एकच माणूस उरलं. ते गावी जाऊन सुखाने झोपू लागले. ओगलेबाईंनी एका रिकाम्या दुपारी निकमांचा फोटो समोर ठेवून स्वतःची रेषा काढून पाहिली होती. ती थरथरताना पाहून त्यांनी कागद फाडला.

वर्षभर पुढे गेलेल्या रेवाच्या लग्नाची पत्रिका ओगलेबाईंना आली. वधूपित्याच्या जागी 'श्री. मकरंद निकम' एवढंच होतं. त्या गेल्या. कार्यालय यवतेश्वरच्या पायथ्याशी होतं आणि जेवणाच्या दालनाच्या खिडकीतून पाळणे दिसत. निकमांनी सकाळी शिरस्त्राण घालून मार्ग सुरू करून दिला होता आणि मग फेटा बांधला होता. प्रभाऱ्याला बदली माणूस मिळत नाही. मुलाकडच्या एका काकांनी वधूपिते काय करतात असं विचारलं. रेवाच्या मामांनी आवाज खाली आणला. "रज्जुमार्गावर असतात. म्हणजे तसे प्रभारी आहेत."

निकमांनी ते ऐकलं. ते ताट घेऊन ओगलेबाईंच्या शेजारी येऊन बसले. मुलीकडे बघत, मग खिडकीकडे, मग परत मुलीकडे.

"मॅडम, आजच्या दिवशी एक विचारतो. खरं सांगा. पत्रिकेचं जाऊ द्या, ती छापून झाली. पण ती जागा आता भरली असेल ना? कुणाचं तरी नाव लागलं असेल?"

त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. वर्षभरात वजन उतरलं होतं. ओगलेबाईंना दोन उत्तरं सुचली. भरली, असं सांगितलं तर हा माणूस आज मुलीच्या लग्नात पोटभर जेवेल. तुमचंच नाव लागलंय, असं सांगितलं तर उठून त्या काकांकडे जाईल आणि ताठ मानेने बसेल. दोन्हींनंतर उद्या सकाळी शिरस्त्राणातली रेषा आडवी असेल.

"नाही भरली, निकमसाहेब."

"म्हणजे आत्ता तिकडे कुणीच बघत नाहीये?"

"कुणीच नाही."

निकमांनी जिलबी तशीच ठेवून ताट बाजूला सरकवलं. "पाठवणीला अजून थोडा वेळ आहे ना," असं स्वतःशीच म्हणत ते फेट्यासकट गच्चीकडे निघाले. सुलभाताईंनी लांबून पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. ओगलेबाई खिडकीशी बसून राहिल्या. समोर निळे पाळणे एकामागून एक डोंगर चढत होते. कुणी डबा उघडला होता, कुणी डुलक्या घेत होतं, आणि दोराकडे कुणीही बघत नव्हतं.