तिने ‘ग्रासियास’ म्हटलं नाही

यातलं एक अक्षरही मनाचं नाही.

मारिसेल आज हयात आहे, तिचं डोकं ठिकाणावर आहे, आणि तिने हे सगळं सांगताना एकदाही शब्द फिरवला नाही. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे नक्की वाचावं. कारण हे घडलं दिवसाढवळ्या. मोंटेव्हिडिओत, रांब्लावरच्या, म्हणजे पाण्याकाठच्या रस्त्यावरच्या, बुटक्या भिंतीपाशी.

जुलै महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. बुधवार. दुपारचे चार.

मारिसेल आणि तिचा नवरा दार्दो त्याच सकाळी आपल्या गावाहून, ताकुआरेंबोहून, बसने आले होते. पाठीवर एकेक सॅक, बास. चार दिवस शहर पायी पालथं घालायचं, मग शनिवारी संध्याकाळी दार्दोचं विमान. तो स्पेनला निघाला होता, व्हिगोच्या बंदरात वेल्डिंगच्या कामाला. मारिसेलचे कागद अजून झाले नव्हते. ती सहा महिन्यांनी जाणार होती.

सहा महिने काय, चुटकीसरशी जातील, असं दोघंही एकमेकांना दिवसातून दहादा सांगत होती. ज्याला खरंच तसं वाटतं, तो इतक्यांदा सांगत नाही.

त्या दिवशी पाण्यावरून धुकं आलं होतं. समोरचं पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

“जाडे, तू बस इथे. मी गरम बिस्किटं घेऊन येतो,” दार्दो म्हणाला. मारिसेल काडीसारखी आहे, म्हणूनच तो तिला जाडे म्हणायचा.

“लवकर ये. पाणी गार होईल.”

“थर्मास आहे तो, पातेलं नाही!”

तो धुक्यात शिरला. मारिसेलने सॅकमधून माटेचा, म्हणजे तिकडच्या कडू चहाचा, तुंबा काढला, पाला भरला, गरम पाणी ओतलं, नळी खोचली. पहिला तुंबा भरणाऱ्याने स्वतः प्यायचा, तसा ती प्यायली.

आणि मग...

डाव्या बाजूला कोणीतरी बसलं.

पावलं वाजली नाहीत. मारिसेलने वळून पाहिलं. साठीची बाई. तपकिरी कोट. डाव्या हातात निळा लोकरीचा हातमोजा, उजवा हात उघडा.

शेजारी माणूस बसलं आणि हातात माटे असलं, की पुढे करायचं. यात विचार करण्यासारखं काही नसतं. मारिसेलने तुंबा भरून तिला दिला आणि वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं दोन्या म्हणाली.

“घ्या, दोन्या. गारठा आहे.”

बाईने घेतला. तळाशी पोचल्यावर नळीतून तो आवाज आला. भुर्रर्र...

“कधी चाललाय तो?” बाईने विचारलं.

मारिसेलने तिला काहीच सांगितलं नव्हतं. पण पाठीवरच्या सॅक बघून ओळखलं असेल, असं तिला वाटलं. “शनिवारी. मीही जाणार आहे. सहा महिन्यांनी.”

“हो का, पोरी?” बाई हसली. हसणं वाईट नव्हतं, थकलेलं होतं. “मलासुद्धा असंच काहीतरी सांगितलं होतं.”

तेवढ्यात दार्दो आला आणि उजव्या बाजूला बसला. मारिसेलने तुंबा त्याला दिला, मग बाईला, मग स्वतःला, परत दार्दोला. तीन-चार फेऱ्या झाल्या. दार्दो एरवी तोंड मिटत नाही. त्या दिवशी मात्र तो गप्प होता, अधूनमधून बायकोकडे बघत होता. मारिसेल बिस्कीट घ्यायला वळली. परत बघते तर...

डावीकडे कोणी नव्हतं.

“बघ, गेलीसुद्धा,” ती म्हणाली. “ग्रासियास म्हटलं नाही.”

“हं,” दार्दो म्हणाला.

आता, ग्रासियास म्हणजे आभार, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण माटेच्या फेरीत त्याचा अर्थ वेगळा. तुंबा परत देताना ग्रासियास म्हटलं, तर ‘बास, मला आता नको.’ तो शब्द तोंडातून निघेपर्यंत तुमचा नंबर येतच राहतो, आणि भरणाऱ्याने तुम्हाला गाळायचं नसतं. एखादा परदेशी पाहुणा पहिल्याच तुंब्याला सभ्यपणे ग्रासियास म्हणतो, मग बिचाऱ्याला कोणी परत विचारत नाही आणि तो नुसता बघत बसतो.

म्हणजे त्या बाईचा नंबर अजून चालू होता.

गुरुवारी ती दोघं सेर्रो टेकडीवरच्या किल्ल्यावर गेली. लख्ख ऊन, बोचरा वारा, खाली सगळं शहर आणि बंदर. मारिसेलने दार्दोसाठी तुंबा भरला. तो फोटो काढत लांब उभा होता, म्हणून तिने तुंबा डावीकडे दगडावर ठेवला आणि मफलर नीट करू लागली.

भुर्रर्र...

तिने तुंबा उचलला. नळी गरम होती. आत थेंबभरही पाणी नव्हतं.

“माझंपण ढोसलंस?” दार्दो येऊन म्हणाला.

“मी नाही. ती... कालची बाई.”

“कुठली बाई?”

“अरे, भिंतीवर बसलेली. जिला मी माटे देत होते!”

दार्दोचा चेहरा उतरला. तो तिच्याशेजारी हळूच बसला.

“मारिसेल, तिथे कोणी नव्हतं. तू तुंबा धुक्यात धरायचीस आणि थोड्या वेळाने परत घ्यायचीस. मला वाटलं, तू तुझ्या आईला देतेयस.”

तिची आई मार्चमध्ये वारली होती.

“मी म्हटलं, देऊ दे. आपण मध्ये कशाला बोलायचं?”

हे ऐकून मारिसेलला रडू फुटलं. भीतीने की या माणसाच्या चांगुलपणाने, हे तिचं तिलाही कळलं नाही. शनिवारनंतर आपल्यासाठी असं गप्प बसणारं कोण असेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. बाईबद्दल ती आणखी काही बोलली नाही. ती कशी दिसत होती, हे दार्दोनेही विचारलं नाही.

शुक्रवारी तिने थर्मास भरलाच नाही.

दोघं जुन्या शहरात भटकली, बाजारात निखाऱ्यावरचं मांस खाल्लं, दार्दोने एका म्हाताऱ्या विक्रेत्याशी उगाच घासाघीस करून त्याच्या चार शिव्या खाल्ल्या. मारिसेल पोटभर हसली. चार वाजता पाहुणघरातल्या खोलीवर आली. दार्दो अंघोळीला गेला. तुंबा धुऊन, पुसून, टॉवेलात गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवलेला होता.

खोलीत ऊन होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकल दुरुस्त करत होतं.

आणि सॅकमधून...

भुर्रर्र...

थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा, जास्त वेळ. रिकामा तुंबा ओढत राहावा, तसं.

मारिसेल पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. तिने दार्दोला हाक मारली नाही. बिचाऱ्याचा शेवटचा अख्खा दिवस कशाला नासवायचा?

शनिवारी दार्दोच हट्टाला पेटला. “शेवटचं माटे भिंतीवरच पिणार. मग काय भुताच्या आईला यायचं असेल तर येऊ दे.”

ऊन होतं. पोरं पतंग उडवत होती. दोघं बसली. मारिसेलने पहिला तुंबा घेतला, दुसरा दार्दोला दिला. तिसरा भरला... आणि हात आपोआप डावीकडे गेला.

डावीकडे कोणी दिसत नव्हतं.

पण त्या बाजूचा वारा अडला होता. मधे कोणी बसलं की अडतो, तसा.

आजवर तिने फेरीतल्या माणसाला कधी गाळलं नव्हतं. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट होती ती. पण तिला वाटलं, दिलं तर ही बया जन्मभर माझ्याशेजारी बसेल. नाही दिलं तर जाईल.

तिने हात मागे घेतला आणि तोच तुंबा दार्दोपुढे धरला.

“परत मीच? आत्ता तर प्यायलो.”

“पी ना.”

“आज नवऱ्याचे फार लाड चाललेत!” त्याने नळी तोंडात धरली, तळापर्यंत ओढलं आणि तुंबा परत दिला. “ग्रासियास, जाडे.”

थर्मास अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

“एवढ्यात बास?”

“अगं, विमानात सारखं उठू का? पोटाचं तळं झालंय.”

डावीकडून गार वारा परत लागू लागला. मारिसेलला हायसं वाटलं. खरंच हायसं वाटलं, हे ती स्वतःच सांगते, आणि हे सांगताना मान खाली घालते.

विमानतळावर काचेपलीकडे जाताना दार्दोने तीनदा वळून हात केला. मग तो त्या लांब रस्त्याने चालू लागला. रस्ता मोकळा होता, तरी तो एका कडेने चालत होता.

शेजारच्याला जागा सोडून चालावं, तसा.

दर रविवारी फोन यायचा. पहिले दोन महिने दार्दो रडायचाच. खोली ओलसर, मुकादम खडूस, जेवायला एकटा. मारिसेल त्याला धीर द्यायची आणि फोन ठेवून स्वतः रडायची.

सप्टेंबरात त्याचा आवाज बदलला.

“जाडे, बंदरावर बाकड्यावर माटे घेऊन बसलो होतो. आपल्याकडची एक बाई भेटली. आता रोज येते. स्वभावाने चांगली आहे बिचारी. एकच हातमोजा घालते, दुसरा हरवलाय म्हणे.”

मारिसेलने लगेच विचारलं, “कुठल्या हातात?”

“डाव्या. निळा आहे. का गं?”

“ती... ग्रासियास म्हणते?”

“नाही ना! थर्मास संपतो, पण ही बाई काही बास म्हणत नाही.” आणि तो हसला.

तिने त्याला सगळं सांगितलं. माटे बंद कर म्हणाली, हात जोडले, ओरडली. दार्दोने शांतपणे ऐकून घेतलं. “अगं, एकटी बाई आहे,” तो म्हणाला. “तिला कसं गाळू?”

जानेवारीत मारिसेलचे कागद आले. तिने भर आठवड्यातच फोन लावला. “दार्दो, झालं! पुढच्या महिन्यात येते मी!”



“घाई करू नकोस,” दार्दो म्हणाला. आवाज प्रेमळ होता, अगदी पूर्वीसारखा. “माझी काळजी नको करू. मी इथे एकटा नाहीये.”

तो हे बोलत असतानाच, त्याच्या तोंडाच्या अगदी जवळून...

भुर्रर्र...

त्यानंतरचे फोन महिन्यातून एकदा आले, मग सणासुदीला. तो ठणठणीत आहे, कामावर जातो. नंतर तिकडे गेलेला त्याचा चुलतभाऊ सांगतो की तो आनंदात असतो, फक्त बाकड्यावर बसला की कोणाला शेजारी बसू देत नाही. मारिसेल एकदा तिकीट काढून विमानतळापर्यंत गेली आणि परत आली. तिथे बसायला आपल्याला जागा नसेल, असं तिला वाटलं.

ताकुआरेंबोचं घर सोडून ती आता मोंटेव्हिडिओतच राहते, त्याच पाहुणघरात चादरी धुण्याचं काम करते. चार वाजले की रांब्लावर येते. त्या बाईला तिने खरंच पाहिलं का, हे सगळं तिने घडवलं की सोसलं, याचं उत्तर आजवर कोणाला देता आलेलं नाही. पण ज्यांनी तिला तिथे बसलेलं पाहिलंय, ते तिच्या डाव्या बाजूला बसायला धजत नाहीत.

पहिला तुंबा ती स्वतः पिते. दुसरा भरते आणि डावीकडे भिंतीवर ठेवते.

“या ना, दोन्या,” ती म्हणते. “तुमचा नंबर आहे. माझ्याकडे या.”

मग वाट बघते. पाणी गार होतं. तुंबा भरलेलाच राहतो.