नऊ ऑगस्टला घरी थांबायचं नाही

स्वयंपाकघरात गंजावरचं झाकण खण्णकन् पडलं, आणि मी लेकीच्या, मोनाच्या, अंगावर हात ठेवून तशीच थांबले. नुकतीच झोपली होती. ती हलली नाही. बाहेर पाऊस भुरभुरत होता, कौलांवर वाजूही नये इतकाच, आणि त्या आवाजानंतर घरात पुन्हा काही म्हणून काही ऐकू आलं नाही.

उठून पाहिलं. गंज पालथा, धुतलेला. झाकणं मांडणीवर एकाला एक टेकून उभी, सकाळी मी ठेवली होती तशीच. मांजर आमच्याकडे नाही. ओसरीवर आत्याबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्रकला. चमचा पडला तरी शेतातून हाक मारून विचारतील की काय फोडलं म्हणून. आज त्यांनी मान वर केली नाही. सुपातला हात तेवढा थांबला होता.

आमचं घर पवनीच्या बाहेर, नदीकडच्या वाटेवर, धानाच्या बांध्यांमध्ये एका उंचवट्यावर एकटंच आहे. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला नाला. नदी फुगली की नाला उलटा भरतो आणि आम्ही दोन दिवस बेटावर. सवयीचं आहे ते. मीठ, तेल, काड्यापेटी आधीच भरून ठेवायची आणि पाणी उतरायची वाट पाहायची. यंदा भरला तो आठ ऑगस्टच्या संध्याकाळी. मोनाचे बाबा पवनीत राइस मिलवरच अडकले. फोनवर म्हणाले की घाबरू नका, वरून सोडलेलं पाणी आहे, जाईल. मग फोनची रेंजही गेली.

मी घाबरले नव्हतेच. वाईट एवढंच वाटत होतं की दुसऱ्या दिवशी मोनाचा वाढदिवस, आणि लाखांदूरला जाता येणार नाही.

दर वर्षी नऊ ऑगस्टला आम्ही सगळे लाखांदूरला, आत्याबाईंच्या भावाकडे जातो. पहाटेच घराला कुलूप लावायचं, मिळेल ती एसटी पकडायची आणि परत यायचं ते दहा तारखेला. आत्याबाईंचं सगळं आयुष्य तिथीवर चालतं. इंग्रजी तारीख त्यांना ही एकच माहीत, आणि तीही आकड्यानं नाही. त्या तिला ‘फेरीचा दिस’ म्हणतात, कारण क्रांती दिनाला शाळेची पोरं प्रभातफेरी काढतात. मला वाटायचं, धानाचा रोवणा आटोपला, कमरेचं दुखणं निघालं, बाईला एक दिवस माहेर हवं असेल. मोनाचे आतापर्यंतचे सगळे वाढदिवस तिथेच झाले. फक्त ती जन्मली तो दिवस सोडून. त्या वर्षी महिना आधीच, पहाटे निघायच्या वेळेला मला कळा सुरू झाल्या नाला भरत होता, आणि दवाखान्याची गाडी यायच्या आत आत्याबाईंनीच मला मोकळं केलं.

आज सकाळी उठले तर त्या अंगणात नव्हत्या. पिशवी घेऊन नाल्यापर्यंत गेल्या होत्या. मी धावत गेले तेव्हा गढूळ पाण्यात मांडीपर्यंत उभ्या. हाताला धरून मागे आणलं.  घरात शिरताना त्या उंबऱ्यावर थोडा वेळ थांबल्या, परक्याच्या घरी थांबावं तशा.

मोना झोपते तेवढा वेळ माझा. त्या वेळात मी पवनीच्या एका अभ्यासवर्गासाठी रोजचा दिनविशेष फोनवर रेकॉर्ड करून पाठवते. स्पर्धा परीक्षेची मुलं जाता-येता ऐकतात. घटना, जन्म, मृत्यू, अशा क्रमानं. आत्याबाई हसतात. परवाच म्हणाल्या, “मेलेल्या लोकायचे वाढदिवस सांगत बसते अन् तुले त्याचे पैसेही देतेत.” आदल्या दिवशी वीज नसल्यानं नऊ तारखेचं राहिलं होतं. रेंज आली की जाईल, म्हणून झाकणाचं विसरून मी मोनाशेजारी बसले आणि हळू आवाजात सुरू केलं. एकोणीसशे पंचवीस, काकोरी. बेचाळीस, छोडो भारत. पंचेचाळीस, नागासाकी. पासष्ट, सिंगापूर स्वतंत्र. हे वाचताना मला नेहमी गंमत वाटते. एका गावाचा दुसऱ्याशी संबंध नाही, एका माणसाची दुसऱ्याशी ओळख नाही, आणि तारखेनं सगळ्यांना एका खोलीत कोंडलेलं.

संपवलं आणि कानात वायर घालून ऐकायला लागले.

माझा आवाज स्पष्ट होता. त्याच्या मागे काहीतरी होतं. आधी मला पाऊस वाटला. मग श्वास वाटला, जोरजोरात घेतलेला. ‘नागासाकी’ म्हणून मी थांबले होते, त्या फटीत एक बाई कण्हली. मग दुसरी बाई बोलली, घाईघाईनं, अगदी जवळून.

“जोर लाव, बाई. अंगणात पाणी आलं. जोर लाव.”

हे शब्द मला पाठ आहेत. चार वर्षांपूर्वी याच खोलीत आत्याबाईंनी माझ्या कानाशी येऊन ते ओरडून सांगितले होते. ओरडावं लागलं, कारण माझ्या कानांत कापूस होता.

मी वायर काढली. खोलीत काही नव्हतं. पुन्हा घातली. माझा आवाज ‘जन्म’ असं म्हणाला, आणि त्याच्याखालून नुकतं जन्मलेलं मूल रडलं. चिरका, दमलेला, मधेच अडकणारा आवाज. माझ्या लेकीचा पहिला आवाज, तेव्हा कापसातून आलेला. तो पुन्हा ऐकायला मिळावा असं मला कितीदा वाटलं होतं. आणि ती माझ्या मांडीला पाय लावून, तोंड उघडं टाकून झोपली होती. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. ऊन ऊन श्वास लागला.

ओसरीवर जाऊन मी आत्याबाईंसमोर बसले. फोनचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की बाळंतिणीच्या कानात कापूस घालतात तो बाळंत झाल्यावर, वारा लागू नये म्हणून. माझ्या कानात आधीच का घातला होता?

त्यांनी सूप खाली ठेवलं.

“ऐकलं तू?”

मी मान डोलावली.

“कोनाचं? मागचं का पुढचं?”

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. फार नाही. त्याही नवीन नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं हेच शिकवलं होतं, की फेरीच्या दिवशी घरी थांबायचं नाही. का, ते सासूलाही ठाऊक नव्हतं. “बाकीचे दिस येतेत अन् जातेत. हा या घरात येते, पण जात नाही. साचून राहते.”

एका वर्षी मोनाचे बाबा, प्रवीण, तापानं फणफणले होते, पाळण्यातलं लेकरू, म्हणून त्या थांबल्या. दुपारी मामंजी, म्हणजे त्यांचे यजमान, ओसरीवर बसून तंबाखू मळत होते, चांगले धडधाकट. आणि माजघरातून एका बाईचं रडणं आलं. मामंजींचं नाव घेऊन रडत होती. आत्याबाईंनी जाऊन पाहिलं तर कोणी नाही. आवाज त्यांचा स्वतःचाच होता.

“मग?” मी म्हटलं.

“मग काय. पोरगा मोठा झाला, शाळेत गेला. हे गेले तवा फेरीचाच दिस होता. मी बसली अन् रडली. जसं ऐकलं होतं तसंच, एक शब्द इकडचा तिकडं नाही. पुढं काय म्हणाचं हाय ते मले माहीत होतं.” सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, “मधली सारी वर्षं मी त्यायले जेवाले वाढून राहिली होती.”

मी बी.ए. झालेली, इतिहास घेऊन. माझ्याकडे विचारायला पुष्कळ होतं. पण मी विचारलं ते मूर्खासारखं, की मग हे घर सोडलं का नाही.

“सोडून कुठं जाशील? दिस तिकडंही येते, रीता. इथं फक्त ऐकू येते.”

म्हणजे पळून जाणं हे वाचण्यासाठी नव्हतंच. ऐकू येऊ नये, एवढ्यासाठी होतं.

आत माजघरात कोणीतरी पाट सरकवला. आम्ही दोघी ओसरीवर होतो. मी उठून झोपलेल्या मोनाला उचललं.

जायला जागा एकच होती, अंगणापलीकडचा गुरांचा कोठा. त्याला टिनाचं छप्पर आहे. आम्ही तिथे पोचलो आणि पाऊस वाढला. टिनावर असा कोसळू लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. इतका बरा वाटलेला पाऊस मला आठवत नाही. आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून कापूस काढला, आपल्या कानात घातला, माझ्या हातावर ठेवला. मोना जागी झाली होती. तिच्या कानात मी दोन छोटे बोळे घातले तर तिला तो खेळ वाटला. वासराच्याही कानात घाला म्हणाली. मी तिच्यासाठी शिऱ्याचा डबा आणला होता, तो तिनं वासराला दाखवून दाखवून खाल्ला. चार वर्षांची झाली, तरी शिरा गालभर. मी तिचं तोंड पुसलं. तिच्या वरच्या ओठावर एक बारीक लव आहे, उजेडात सोन्यासारखी दिसते. मी ती पाहत राहिले. आज ती मोठी होणार नाही, कुठे जाणार नाही, फक्त संध्याकाळ व्हायची आहे, असं मनाशी म्हणत राहिले.

दिवस उतरायला लागला. दाराच्या फटीतून घर दिसत होतं. बंद दार, ओली भिंत, ओसरीवर तसंच पडलेलं सूप.

मग पाऊस थांबला.

हळूहळू नाही. कोणी नळ बंद करावा तसा. टिनावरून थेंब गळाले, तेही थांबले. वासरू कान उभारून घराकडे पाहू लागलं.

माझ्या कानांत कापूस होता. तरी आलं.

“मोनाऽऽ.”

घरातून. एक बाई. म्हातारी नव्हे, पण थकलेली, घसा बसलेली. नावातला शेवटचा सूर लांबवत होती, जसा मी लांबवते. हाक मारायची, थांबायची, पुन्हा मारायची. घाबरून मारलेली हाक नव्हती ती. रोज मारून मारून सवय झालेली होती. उत्तर येणार नाही हे माहीत असलेली.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुन्हा हाक आली. पुन्हा ती थांबली. त्या थांबण्यात कोणीतरी, एखादी मोठी मुलगी, कंटाळून का होईना, आले ना गं, म्हणेल, म्हणून मी श्वास रोखून उभी होते. सासरहून आलेली. शाळेतून आलेली. कशीही.

कोणी बोललं नाही.

पुन्हा हाक.

“ओ,” मोना म्हणाली.

तिनं कानातला कापूस केव्हा काढून टाकला होता, मला कळलं नव्हतं. तो वासराच्या पायांपाशी चिखलात पडला होता. मी तिच्या तोंडावर हात ठेवायच्या आत ती दाराच्या फटीला तोंड लावून जोरात ओरडली, “ओ आई, मी इथं आहो.”

घरातली हाक मधेच तुटली.

 मग आत बाई रडायला लागली. तिनं ऐकलं होतं.

मी मोनाला घट्ट धरलं. तिनं मान मागे करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. आधी माझ्या ओठांकडे, ते मिटलेले आहेत ना हे पाहिलं. मग घराकडे. मग पुन्हा माझ्याकडे. ती घाबरलेली नव्हती. विचार करताना कपाळाला पाडते ती बारीक आठी तिनं पाडली होती.

“आई,” ती म्हणाली, “तिकडं रडून राहिली ते पण तूच होय ना?”

आत्याबाईंनी तिच्या कानांवर आपले दोन्ही तळवे ठेवले. मोनानं ते बाजूला केले.

“मग मी कुठं गेली?”