लॅरची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. मी आता ऐंशीचा आहे, खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. आयुष्यात मोठं खोटं एकदाच बोललो. एका शब्दाचं. त्याचीच ही गोष्ट आहे.

९ नोव्हेंबर १९९८. सोमवार. आमचं वेक्सफर्ड इतक्या उत्तरेला की नोव्हेंबरात दुपारी चारलाच उजेड संपत येतो. तेव्हा चार वाजायला आले होते.

शेत विकून झालं होतं. बाबा ब्याऐंशी वर्षांचे, त्यांना मी माझ्या घरी नेणार होतो. नव्या मालकाला शेड रिकामी हवी होती, आणि शेडमध्ये एकच वस्तू उरली होती.

आमचं मळणीयंत्र.

लाकडी, लाल रंगाचं, एका खोलीएवढं. पस्तीस वर्षं ते चाललं नव्हतं. मंगळवारी सकाळी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता.

बाबांचं एकच म्हणणं होतं. "कुणालाही दे मायल्स, पण चालवणाऱ्याला दे. ते कापू देऊ नकोस."

कारण माझा मोठा भाऊ लॅर त्याच यंत्रात गेला होता.

मी पेपरात जाहिरात दिली होती. दोघं येऊन गेले. एकाने विचारलं, यात कोंबड्या किती मावतील. दुसऱ्याला फक्त चाकं हवी होती, तीही फुकटात. शेवटी कॉर्कहून कॉन नावाच्या माणसाचा फोन आला. तो गावोगावच्या जत्रांत जुनी यंत्रं चालवून दाखवायचा. म्हणाला, चालताना बघितलं की लगेच घेतो, बंद यंत्र मात्र घेत नाही.

आता लॅरचं सांगायलाच हवं.

त्या काळी मळणीला सगळे शेजारी गोळा व्हायचे. पंधरावीस माणसं. कुणी यंत्रावर, कुणी पोत्यांपाशी, कुणी पलीकडे गंजीवर. ट्रॅक्टरपासून यंत्रापर्यंत लांब पट्टा असायचा. तो चढवला की यंत्र फिरायला लागायचं. यंत्र एवढं मोठं की ट्रॅक्टरपाशी उभ्या माणसाला पलीकडचं काही दिसायचं नाही.

म्हणून बाबा आधी हजेरी घ्यायचे. एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची, त्याने जिथे असेल तिथून "आहे" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर पट्टा चढवायचा नाही. पाऊस डोक्यावर आला तरी नाही.

आम्ही पोरं मात्र एकमेकांची हजेरी लावायचो. कुणी झोपायला सटकला की दुसऱ्याने त्याच्या आवाजात ओरडायचं. लॅरचा आवाज मला हुबेहूब जमायचा. आधी थोडं खाकरायचो, मग आवाज लावायचो.

सप्टेंबर १९६३. लॅर बावीसचा, मी एकोणीसचा. आदल्या रात्री तो नाचायला गेला होता, पहाटे परतला. सकाळी तो कुठे दिसेना. मला वाटलं, गवताच्या माळ्यावर घोरत पडला असेल.

बाबांनी हाक मारली. "लॅर?"

मी गंजीवर होतो. खाकरलो.

"आहे."

बाबांनी पट्टा चढवला.

लॅर झोपला नव्हता. तो यंत्राच्या आत शिरला होता, अडकलेला पेंढा काढायला, आणि आत त्याला हाक ऐकूच गेली नसावी... पुढचं मी लिहीत नाही.

बाबा सगळ्यांना सांगत राहिले, मी 'आहे' ऐकलं होतं. पाद्र्याला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं. लोक मान हलवायचे. बापाचं मन आहे, म्हणायचे. काही महिन्यांनी बाबा सांगायचे थांबले. त्यांनी मान्य करून टाकलं की आपल्याच कानांनी दगा दिला.

त्यानंतर त्यांनी कधी कुणाला लांबून हाक मारली नाही. सगळं शेत तुडवत जायचे आणि खांद्यावर हात ठेवायचे. पस्तीस वर्षं.

आणि मी गप्प राहिलो. आई गेली, तेव्हाही गप्प होतो. आता सांगू, मग सांगू करत मीच म्हातारा व्हायला लागलो.

कॉन येण्याच्या आदल्या दिवशी मी एकटाच यंत्राला तेलपाणी करत होतो. भर दुपार होती. पट्टा उलगडून ठेवला, वंगण घातलं. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. त्या शेडमध्ये पाकोळ्याही कधी घरटं करायच्या नाहीत.

तेवढ्यात यंत्राच्या पलीकडे...

कुणीतरी खाकरलं.

मला वाटलं बाबा आले. वळसा घालून गेलो. पलीकडे कुणीच नव्हतं. घरात जाऊन बघितलं तर बाबा शेकोटीपाशी झोपले होते.

सोमवारी कॉन आला. जाडजूड, लाल गालांचा, बोलघेवडा माणूस. यंत्राभोवती फिरून म्हणाला, "माझ्या बायकोपेक्षा बरी तब्येत आहे हिची. चला, आवाज ऐकू द्या."

आम्ही ट्रॅक्टर लावून यंत्र अंगणात ओढलं, मग ट्रॅक्टर समोर पट्ट्याच्या अंतरावर उभा करून बंद केला. बाबांना खुर्चीवर ब्लँकेट गुंडाळून बसवलं होतं. मी पट्टा उचलला.

"हजेरी," बाबा म्हणाले.

कॉनला गंमत वाटली. मी नाव घेतलं, तो "आहे" म्हणाला. मग बाबांना हाक मारली. ते "आहे" म्हणाले.

"लॅर राहिला," बाबा म्हणाले.

"बाबा, लॅर आता..."

"मला वेड लागलेलं नाही. हाक मार."

मी हाक मारली. "लॅर?"

झाडावरचे कावळे एकदम गप्प झाले. वारा पडला. कॉन हसायचा थांबला...

यंत्राच्या पलीकडे कुणीतरी खाकरलं.

मग आवाज आला.

"आहे."

तो आवाज यंत्राच्या आतून नव्हता आला. पलीकडून आला होता, जिथे त्या दिवशी गंजी होती तिथून. लॅरचा आवाज. पण लॅरचा नव्हे. लॅरची नक्कल करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराचा.

माझा.

मी तोंड उघडलं नव्हतं. कॉन माझ्याकडेच बघत होता, त्याला विचारा.

तो पलीकडे धावला आणि पांढराफटक पडून परत आला. तिथे कुणी नव्हतं.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. "हाच," ते म्हणाले. "हाच आवाज ऐकला होता मी."

हातातला पट्टा मी खाली ठेवला.

"तो मी होतो, बाबा. लॅर झोपलाय असं वाटलं मला. त्याची हजेरी मी लावली."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी हळूच आपल्या उजव्या कानाला हात लावला.

"म्हणजे माझे कान नीट होते."

एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईच्या वेळीही ते रडले नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "परत हाक मार. आता तू गप्प राहा."

मी हाक मारली. "लॅर?"

आम्ही थांबलो. उजेड गेला. घरात दिवा कुणी लावलाच नव्हता. दुसरं उत्तर आलं नाही.

कॉन मला बाजूला घेऊन म्हणाला, पट्टा चढव, पाचच मिनिटं फिरव, मी घेतो, माझी खात्री पटू दे. भला माणूस होता, मनापासून म्हणत होता. मी बाबांकडे बघितलं.

"उत्तर आलेलं नाही," बाबा म्हणाले.

पट्टा चढला नाही. कॉन रिकामा गेला.

सकाळी ट्रक आला. यंत्र शेडच्या बाहेरच होतं. त्यांनी ते तिथेच, अंगणात कापलं. कापण्याआधी बाबा काठी टेकत त्याला वळसा घालून आले, प्रत्येक झडप उघडून आत बघितलं. मग घरात गेले आणि दार लावून घेतलं. पस्तीस वर्षं जपलेली वस्तू माझ्या एका शब्दापायी त्यांना वाचवता आली नाही.

कॉनचं पुढे एकदा पत्र आलं. पलीकडच्या ओल्या मातीत त्याला बुटांचे ठसे दिसले होते, कोवळ्या पोराच्या पायाचे. त्या दिवशी सांगायची हिंमत झाली नाही, असं त्याने लिहिलं होतं. ते ठसे कुठून आले, मला आजही माहीत नाही. कोण खाकरलं, तेही नाही.

बाबा फेब्रुवारीत माझ्या घरीच वारले. शेवटचे तीन महिने ते पुन्हा हाका मारायला लागले होते. कानांवर विश्वास बसला होता ना. पलीकडच्या खोलीतून, दिवसातून दहा वेळा.

"मायल्स?"

"आहे, बाबा."

आणि दरवेळी तोच प्रश्न.

"नक्की तूच ना?"

मी हो म्हणायचो. पण म्हणताना खाकरावंसं वाटायचं, आणि मी ते दाबून धरायचो.