कारणाचा रकाना

"थांबा. तुम्ही अत्तर लावलंय."

इरासीचा एक पाय उंबऱ्यावर होता, दुसरा अजून अंगणात. खांद्याला बर्फाची पेटी लटकत होती. दारात उभा असलेला माणूस तिच्याकडे बघतही नव्हता. दुधाचा हंडा कमरेवर टेकवून तो फक्त हवेचा वास घेत होता.

"लावलंय. मग?"

"मग आत येता यायचं नाही. चीज सगळं पिऊन घेतं. धूर, कांदा, अत्तर... बावीस दिवसांनी चकती कापली की तिला तुमचा वास येईल."

"मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आलेय. रोगजंतू तपासायला."

"जंतूंना मनाई नाही, ते न विचारताच येतात. अत्तराला मनाई आहे."

इरासी खरं तर या घरी येणारच नव्हती. तिच्या यादीत ओढ्यापलीकडच्या फिलोमेनाबाईंचं नाव होतं. पण बाईंनी फाटकातूनच तिला वाटेला लावलं होतं. "माझ्या चीजला चाळीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नाही, मला नको तुमची तपासणी. तो समोरचा एलॉय आहे ना, त्याला शिक्का हवाय. त्याचं तपासा." त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस, तिकडचा पावसाळा सुरू व्हायच्या आधीच्या त्या कोरड्या, धुळीच्या सकाळी कनास्त्राच्या डोंगरात ती एका अनोळखी दारात उभी राहून बोलणी खात होती.

अखेर नमुने त्यानेच बाहेर आणून दिले. एका बाटलीत दूध, एका पिशवीत चीजचा तुकडा आणि एका बाटलीत विरजण. या विरजणाला डोंगरात पिंगो म्हणतात. मीठ लावलेल्या ताज्या चकत्यांमधून दुपारपासून पहाटेपर्यंत जे पाणी ठिबकतं, ते खाली बादली लावून धरायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधात घालायचं. आजचं चीज उद्याच्या चीजला जन्म देतं, ते असं.

"हे किती जुनं?" तिने बाटली उजेडात धरून विचारलं.

"कालचं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "...आणि माझ्या आजोबांच्या वेळचंही."

तिने नियमाप्रमाणे प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले. एक तपासायला, दुसरा प्रयोगशाळेतल्या खोल थंडीत जपून ठेवायला. एलॉयने पहिल्यांदाच तिच्या हातांकडे नीट पाहिलं. ते चटपटीत हात कुठेही नको तिथे टेकत नव्हते.

काम साधं होतं. कच्च्या दुधाच्या चीजमध्ये रोगजंतू किती दिवस तग धरतात, याचा विद्यापीठ अभ्यास करत होतं. पंधरा-पंधरा दिवसांनी घेतलेले लागोपाठ चार नमुने निर्दोष निघाले, की त्या घराची शिक्क्यासाठी शिफारस व्हायची. शिक्का असेल तर चीज देशभर विकता येतं. नसेल तर डोंगराखालच्या गावातल्या दोन दुकानांपलीकडे जात नाही. एलॉयचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून अकरा गाई आणि तो, एवढंच घर होतं. नाताळपर्यंत शिक्का मिळाला नाही, तर गाई विकून खालच्या दूध कारखान्यात नोकरी धरायची, हे त्याने ठरवून टाकलं होतं. गाईंचा व्यापारी दोनदा येऊन बघूनही गेला होता.

पहिला नमुना निर्दोष निघाला.

दुसऱ्या वेळी ती आली, तेव्हा तो दारात हाताची घडी घालून उभाच होता. तिने पेटी खाली ठेवली आणि मुकाट्याने दोन्ही मनगटं पुढे केली. त्याने वाकून वास घेतला. गरज होती त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ.

"साबण?"

"बिनवासाचा. तीन दुकानं फिरले त्यासाठी."

"डॉक्टरीणबाईंनी एवढा त्रास घेतला?"

"अजून डॉक्टर झाले नाही. आणि त्रास चीजसाठी घेतला, तुमच्यासाठी नाही."

"चीजला सांगतो. खूश होईल."

आत गारवा होता. फळ्यांवर चकत्यांच्या रांगा होत्या, ताज्या पांढऱ्या इकडे आणि पिकून पिवळ्या झालेल्या तिकडे. तो चालता-चालता एकेक चकती उलटत होता. दर दिवशी एकदा, न चुकता. काम संपल्यावर त्याने फडक्यातून गाळलेली कॉफी आणली आणि एका ताटलीत पेरूच्या वडीबरोबर चीजची फोड.

"मला चालत नाही. तपासणीतला पुरावा खाता येत नाही."

"हा पुरावा नाही. पुराव्याचा मोठा भाऊ आहे. जूनमधला."

ती हसली आणि फोड तोंडात टाकली. मीठ, गवत, किंचित आंबटपणा... आणि शेवटी काहीतरी, ज्याला तिच्या कुठल्याही तक्त्यात नाव नव्हतं. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो तिच्याचकडे बघत होता आणि बघताना पकडला गेल्यामुळे घाईघाईने भिंतीकडे बघू लागला.

"भिंत छान आहे," ती म्हणाली.

"हो... गेल्याच वर्षी चुना दिलाय."

ती निघाली तेव्हा दुपार झाली होती. दुसरा नमुनाही निर्दोष निघाला.

तिसऱ्या वेळी घरात शिरताना तिने नेहमीचा कागद काढला. "गाई त्याच? कुणाची कास सुजलेली नाही ना? विरजण तेच?"

"तेच," तो म्हणाला. आणि लगेच ताज्या चकत्यांना मीठ लावायला वळला.

पाच दिवसांनी प्रयोगशाळेत तिने तिसऱ्या नमुन्यातले जंतू वाढवलेली काचेची बशी उघडली. काळे चकचकीत ठिपके, प्रत्येकाभोवती स्वच्छ वलय. हे ठिपके तिने झोपेतही ओळखले असते. माणसाच्या कातडीवर, जखमेत, गाईच्या सुजलेल्या कासेत वाढणारे हे जंतू खाण्यात वाढले की विष सोडतात, आणि ते विष चीज पिकवूनही जात नाही, उकळूनही जात नाही. तिने बशी पुसून वरचा क्रमांक पुन्हा वाचला. दुसरी बशी उघडली, तिसरी उघडली. तीच गत.

अहवाल टपालाने पाठवायचा नियम होता. ती स्वतः जीप घेऊन निघाली.

एलॉयने कागद उभ्यानेच वाचला. बराच वेळ वाचला.

"यातली चकती बाहेर गेली का कुठे?" तिने विचारलं.

"नाही. बावीस दिवसांआधी विकायची नाही, हा वडिलांचा नियम. पहिल्या सहा परवा निघणार होत्या..." त्याने फळ्यांकडे पाहिलं. "सगळ्या टाकायच्या?"

"दुसऱ्या नमुन्यानंतरच्या सगळ्या."

"एकशे वीस."

त्याने हिशेब केला नव्हता. त्याला नुसतं ठाऊक होतं.

"गाई तपासल्या मी आल्या-आल्या," ती म्हणाली. "अकराही ठणठणीत. तुमच्या हातांना जखम नाही. मग हे आलं कुठून, एलॉय? काय बदललं?"

बाहेर पत्र्यावर पावसाचे चार टपोरे थेंब वाजले आणि थांबले.

"विरजण," तो शेवटी म्हणाला. "तेच नव्हतं."

इरासीने कागद खाली ठेवला. "मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही 'तेच' म्हणालात. मी त्यापुढे खूण केली, खाली सही केली. तुमच्या शब्दावर."

"माहीत आहे."

"पोटं बिघडली असती लोकांची! लहान मुलांची!"

"माहीत आहे, डॉ... माहीत आहे."

या डोंगरात कुणाचं विरजण गेलं की शेजाऱ्याकडून आणायचं आणि कुणाचं आणलं ते कुठे बोलायचं नाही. देणाराही बोलत नाही. चीज करणाऱ्याचं विरजण जाणं म्हणजे घरातला विस्तव विझणं. त्याची वाच्यता करत नाहीत. एलॉयने पहाटे ओढा ओलांडून फिलोमेनामावशींकडून भांडंभर विरजण आणलं होतं.

दोघं तसेच ओढा ओलांडून गेले. मावशी पेरूच्या वडीचा गर ढवळत होत्या. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"हे काय झालं, मावशी?"

"पेरू चिरताना लागलं, महिना झाला. भरतच नाही मेलं."

"आणि चीजला मीठ याच हाताने लावता?"

"मग काय पायाने लावू?" मावशी म्हणाल्या. मग दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांच्या हातातला डाव सावकाश थांबला. "अगं बाई... जावई दोन दिवस उलट्या करत होता, तो सॉसेजच्या नावाने खडे फोडत होता." त्या मटकन पाटावर बसल्या. "घे, मुली. तपास माझंही. चाळीस वर्षांचा माज उतरला बघ." आणि क्षणभराने एलॉयकडे रोखून बघत, "पण तुझं विरजण गेलं कसं रे, बाळा? तुझ्या बापाची बादली कधी चुकली नाही!"

एलॉयचे कान लाल झाले.

परत आल्यावर इरासीने नवा कागद काढला. "इथे लिहावं लागतं. 'विरजण बदलले: होय.' पुढे रकाना आहे, कारण." ती अजून रागावलेली होती, पेन ताठ धरलं होतं. "बोला."

"सांडलं."

"कसं?"

"सांडलं म्हणजे... वाहून गेलं. बादली लावायची राहिली खाली."

"का राहिली?"

"हे सगळं लिहायचं असतं?"

"या वेळी सगळं लिहायचं."

तो फळीपाशी गेला, एक चकती उलटली; आता फेकायचीच होती, तरी उलटली. तिच्याकडे पाठ करूनच बोलू लागला.

"दुसऱ्या वेळी तुम्ही आलात. निघालात. तुमची जीप चढ चढून गेली... धूळ उडाली होती. ती खाली बसेपर्यंत मी दारात उभा होतो. मग वाटलं, वळणावर पुन्हा दिसेल. म्हणून आणखी उभा राहिलो. मग संध्याकाळच्या धारा काढायची वेळ झाली. पहाटे बघतो तर बादली खुंटीलाच. सतरा वर्षं मी हे काम करतोय, एकदाही... तिसऱ्या वेळी तुम्ही विचारलंत, तेव्हा खरं सांगितलं असतं तर पुढचं 'का' आलं असतं. ते सांगायची हिंमत नव्हती."

पत्र्यावर पाऊस आता नीट लागला होता. इरासीचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा एक ठिपका मोठा होत चालला होता.

"हे... मी कसं लिहू?"

"खरं लिहा. एकदा खोटं सांगून बघितलं."

तिने लिहिलं. त्याने वळून, तिच्या खांद्यावरून वाचलं: 'निष्काळजीपणा.'

"एवढंच?"

"रकाना लहान आहे," इरासी म्हणाली.

त्या दुपारी दोघांनी मिळून एकशे वीस चकत्या खड्ड्यात टाकल्या, वर चुना पसरला. डुकरांनाही घालायच्या नाहीत, असं तिने बजावलं होतं. शेवटची चकती टाकताना एलॉयने तिच्यावरून माशा हाकलल्यासारखा हात फिरवला. इरासीने फावडं त्याच्या हातातून घेतलं आणि माती स्वतः ओढली.

"नाताळला दोन महिने आणि थोडे दिवस आहेत," ती निघताना म्हणाली. "दोन महिन्यांत चार नमुने होतात."

"कशाचे? विरजणच नाही माझ्याकडे. दुसऱ्याचं आणून होईलही चीज... पण ते आमचं नसेल."

ती थबकली. मग घाईने जीपमध्ये बसली. जीप चढावर गेली. या वेळी धूळ नव्हती. वळणावर ती पुन्हा स्वच्छ दिसली.

सोमवारी इरासी तिच्या मार्गदर्शक प्राध्यापक एदितेंच्या टेबलासमोर दोन अर्ज घेऊन उभी राहिली. पहिला साधा होता. राखून ठेवलेला दुसरा भाग शेतकऱ्याच्या मालकीचा असतो, त्याने मागितला तर परत देता येतो. एलॉयने टेलिफोनवरून मागितला होता. अर्थात, मागता येतो हे आधी तिनेच फोन करून सांगितलं होतं.

दुसरा अर्ज बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून वाचला. 'त्या घराचे नमुने यापुढे मी घेणार नाही. कारण: निःपक्षपाती राहणे शक्य नाही.'

"का शक्य नाही?"

"रकाना लहान आहे, मॅडम."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सही केली. "नॉर्माला पाठवते. ती कुणावर भाळत नाही, माझ्यावरसुद्धा नाही."

पुढच्या रविवारी एलॉय चीजघराच्या दाराशी रिकाम्या फळ्या गरम पाण्याने घासत होता. जीपचा आवाज आला, तरी त्याने मान वर केली नाही. टपालाच्या सुट्टीला टपालवाल्याची वाट बघू नये, तशी नमुन्याचा दिवस नसताना तिचीही नाही, असं त्याने स्वतःला आठवडाभर बजावलं होतं. मग वास आला.

तो उठला. दारात आडवा हात लावला.

"अत्तर लावलंय तुम्ही."

"लावलंय."

"आत येता यायचं नाही."

"आत यायला आलेच नाही." तिच्याजवळ बर्फाची मोठी पेटी नव्हती. एक छोटी बाटली होती, फडक्यात गुंडाळलेली. तिने ती हातभर अंतरावरून पुढे केली. "पहिल्या दिवशीचं. स्वच्छ, तपासलेलं. पहिले दोन-तीन दिवस सुस्त असेल, थंडीत राहिलंय. तुमच्या आजोबांचं आहे, सांभाळा."

एलॉयने ओले हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, आणि बाटली घेतली. तिच्यातल्या गढूळ पाण्याकडे तो असा बघत राहिला की इरासीला क्षणभर त्या पाण्याचा हेवा वाटला.

"व्यापारी आला होता काल," तो म्हणाला. "गाईंसाठी."

"मग?"

"त्याला म्हटलं, नाताळनंतर ये. आणि तेव्हा बहुतेक फुकट हेलपाटा पडेल तुला." त्याने वर पाहिलं. "आता नमुने घ्यायला कोण येणार?"

"नॉर्मा. कडक आहे. अत्तर लावत नाही."

"आणि तू?"

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते लगेच लक्षात आलं.

"मी रविवारी येईन. अत्तर लावून. आणि बाहेर, अंगणातल्या त्या जांबाच्या झाडाखाली बसेन. तुला वाटलं तर... तू बाहेर ये."

त्याने बाटली आत फळीवर जपून ठेवली, दार ओढून घेतलं आणि बाहेर आला. दोन पावलं आला, थांबला, पुन्हा आत धावला.

"आता काय?" इरासीने हाक मारली.

आतून खुंटीवरून काहीतरी काढल्याचा, मग फरशीवर टेकवल्याचा आवाज आला.

"बादली," तो आतून ओरडला. "उद्यासाठी, आत्ताच लावून ठेवतो. आज मला पुन्हा काही आठवणार नाही."