सात पातळ थर

गोवरझरीत आता हंड्याच्या बुडाला पांढरी पुटं धरत नसत. डोंगरातल्या गुहांमध्ये चुनजिवाणू सोडल्यापासून जड पाण्यातला चुना तिथेच दगड होऊन बसे आणि गावाला मऊ पाणी मिळे. हे जिवाणू हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढून घेत. जे सुळके वाढायला शतकं लागली असती, ते वर्षात हातभर होत. माथ्यावरच्या झऱ्यात रोज सकाळी जिवाणूंचा खुराक सोडला जाई, त्यामुळे झाडाच्या वलयांसारखा दिवसाला एक थर चढे.

अकरा महिन्यांपूर्वी सुळके मोजायला गेलेले देवराव पिदूरकर दरड कोसळून एका गुहेत अडकले. वाट मोकळी झाली ती गेल्या आठवड्यात. आतल्या दालनात सांगाडा मिळाला.

भूरसायनतज्ज्ञ छाया निखाडे त्याच दालनातल्या छतावरच्या सुळक्याखाली जमिनीवर वाढलेल्या खांबाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती. दरडीच्या धुळीची तपकिरी रेघ स्पष्ट होती. तिच्यानंतरचे सात थर केसाएवढे पातळ, आठव्यापासून पुन्हा जाड. छतावरच्या सुळक्यात मात्र सगळे थर सारखे. तिने तीनदा मोजले. पाणी वरून ठिबकत होतं, पण खाली पोचत नव्हतं. मधेच ते कुणीतरी धरून पीत होतं.

बंद दालनात श्वासाने साठलेला वायू माणसाला तीन दिवसांत मारेल, हा हिशेब छायाचाच. चौथ्या दिवशी शोध थांबवण्याच्या कागदावर सहीही तिची. जिवाणू तो वायू खात राहतील, हे तिने धरलंच नव्हतं. तिला रडू आलं नाही. तिने काचपट्टी डबीत ठेवली आणि हात धुतले.

दुपारी देवरावांची बायको कुसुम त्यांचं हेल्मेट न्यायला आली. आत चुन्याचं पूट बसलं होतं. त्यावरून बोट फिरवत तिने विचारलं, "मॅडम, त्याच दिवशी गेले ना ते?"

"नाही. सात दिवस होते."

कुसुमचं बोट पुटावरच थांबलं. मग शोध कुणी थांबवला, हे तिने विचारलं.

"मी," छाया म्हणाली. आपलाच आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

कुसुमने हेल्मेट पदरात गुंडाळलं. दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"बाकीच्या गुहांत अजून माणसं जातात नं? उद्या कुणी अडकलं, तर त्याला किती दिवस शोधाल?"