राजदूत उलटी गेली तो दिवस

एक अनोळखी माणूस आमच्या गोठ्यात अप्पांच्या राजदूत मोटारसायकलला दोरी बांधत होता आणि मी हातात कोंबडी धरून त्याच्याकडे बघत उभी होते. त्या गाडीच्या फाटक्या सीटवर आमची तांबडी कोंबडी रोज अंडं घालायची. तिला उठवायला म्हणून मी वाकले, तर गाडीपलीकडून हा उगवला.

"कुणाची गाडी बांधून राहिलात?" मी विचारलं.

"माणिकप्पांची. त्यांनीच बोलावलंय." तोंडावर आलेले केस त्यानं मनगटानं मागे सारले, बोटं काळी होती म्हणून. "मी वीरेश. उदगीरचा. जुन्या गाड्या घेतो, नीट करून विकतो."

"मी अंबिका. माणिकप्पांची लेक. दोरी सोडा."

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग कोंबडीकडे. "तुम्ही कोंबडी सोडा, मी दोरी सोडतो."

आता याला काय म्हणावं... हसला असता तर मी भांडले असते. पण तो अगदी सरळ चेहऱ्यानं बोलला आणि हसू मलाच आलं. मी कोंबडी सोडली.

तेवढ्यात अप्पा ओट्यावरून खाली आले. "अंबव्वा, गाडी आता काय पुजायची हाय का? नऊ वर्षं झाली बंद पडून. कारहुणवीला देवणी गाय आणायचीय. तिला जागा नको?"

कारहुणवी म्हणजे आमच्या कर्नाटकाच्या सीमेवरचा बैलांचा सण, ज्येष्ठातल्या पौर्णिमेचा. तेव्हा चैत्र चालू होता.

"गाडी मी चालू करते," मी म्हणाले.

"तू?"

"मंग? तालुक्याच्या जळालेल्या मोटारी कोण भरून देतं?"

ते खरंच होतं. आयटीआय केल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत माझं मोटार वाइंडिंगचं काम चालतं. विहिरीवरची मोटार जळाली की आमचं अर्धं देवणी गाव माझ्या दारात येतं. आणि ही राजदूत माझी लाडकी. शाळेत असताना अप्पा मला तिच्या टाकीवर बसवून बाजाराला न्यायचे. ती परक्याच्या टेम्पोत चढलेली मला बघवली नसती.

अप्पांनी डोकं खाजवलं आणि निकाल दिला. कारहुणवीपर्यंत गाडी स्वतःच्या जोरावर गोठ्याबाहेर पडली तर अंबिकाची. नाही पडली तर त्याच दिवशी वीरेशनं उचलायची.

"घोडामैदान जवळच हाय," वीरेश दोरी गुंडाळत म्हणाला. "पण मी दर रविवारी येऊन बघणार. उद्या गाडी माझी व्हायची. तुम्ही तिची पार वाट लावून ठेवली तर?"

"या की. चहा मिळंल. गाडी न्हाई मिळायची."

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा मी किकवर उभी राहून उड्या मारत होते आणि किक तसूभर हलत नव्हती. तो खांबाला टेकून खुशाल बघत राहिला.

"पिस्टन जाम हाय," शेवटी तो म्हणाला.

"माहीत हाय मला."

"माहीत असतं तर उड्या मारल्या नसत्या." तो जवळ आला. "प्लग काढा. त्या भोकातून डिझेल ओता. आणि आठ दिवस हात लावू नका... जमंल का तेवढं?"

"तुम्ही कशाला सांगून राहिलात? यात तुमचाच तोटा हाय."

त्यानं चहाच्या कपात बघितलं. "जाम इंजिन मला बघवत न्हाई."

आठव्या दिवशी, सोमवारी, किक खाली गेली. सुर्रकन, लोण्यात सुरी जावी तशी. मी आनंदानं मोबाईल काढला, आणि मग ध्यानात आलं की फोन अप्पांना किंवा मैत्रिणीला करायचा सोडून मी वीरेशला करायला निघाले होते. त्याचा नंबरसुद्धा नव्हता माझ्याकडे. रविवारी आल्या आल्या मी तो मागून घेतला. कामासाठी, असं सांगितलं. त्यानं "हाव, कामासाठीच," असं म्हणत दिला आणि कानाच्या पाळ्या लाल करून इंजिनात डोकं घातलं.

मग आमची वाटणी झाली. करंट माझा, इंजिन त्याचं. मी कॉइल नव्यानं भरली, सगळ्या वायरी बदलल्या. त्यानं इंजिन उघडून आमच्या ताटल्यांमध्ये मांडलं. अव्वा ओरडली की पाहुण्यांना आता जेवायला कशात वाढू, तर म्हणाला, "काकू, मला पत्रावळीवर चालंल." अव्वानं दुपारी त्याला जास्तीची भाकरी वाढली. माझी आई एवढ्या सहजी कुणाला वश होत नाही.

टाकीतला गंज काढायला तिच्यात बारीक खडी भरून ती हलवावी लागते. एका बाजूला तो, एका बाजूला मी. तासभर टाकी झुलवत होतो. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तापलेलं, घाम मानेवरून ओघळत होता, खडीच्या खळखळाटात बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि तरी थांबावंसं वाटत नव्हतं.

"गालावर ग्रीस हाय," तो ओरडून म्हणाला.

"कुठं?"

"इथं." त्यानं दाखवायला स्वतःच्या गालाला बोट लावलं. बोट काळंकुट्ट. आता दोघांच्याही गालावर ग्रीस. मी सांगितलं नाही. तो तसाच एसटीनं उदगीरला गेला, आणि पुढच्या रविवारी येऊन मला जाब विचारला.

मे सरता सरता त्यानं कापडात गुंडाळलेला कार्ब्युरेटर आणला. जुना, अस्सल, घासून लख्ख केलेला.

"हा तर तुमच्या हैदराबादच्या गिऱ्हाइकाचा ना? त्या दिवशी फोनवर बोलून राहिला होतात..."

"त्याला सांगितलं, हरवला."

"का?"

"तुम्ही लई प्रश्न विचारता."

मी पुढे विचारलं नाही. कारण त्याच वेळी माझ्या डोक्यात एक हिशेब झाला. गाडी चालू झाली, तर हा कशाला येईल? आणि नाही चालू झाली, तर गाडी घेऊन जाईल, मग तरी कशाला येईल? कारहुणवीनंतरचा रविवार कसाही केला तरी रिकामाच होता. आतापर्यंत मला फक्त गाडी पाहिजे होती. आता मला गाडीही पाहिजे होती आणि हा माणूसही. आणि त्याच्यासाठी अप्पांनी काही अट घालून दिलेली नव्हती.

रडत बसायचा माझा स्वभाव नाही. मी कामाला लागले. कारहुणवीच्या आदल्या दिवशी इंजिनावरचे पॉइंट मीच बसवले. पॉइंट म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी जोडी. वीरेश फोनवर म्हणाला, "ते टायमिंगचं मी आल्यावर बघू." मी म्हणाले, "करंट माझा." आणि फोन ठेवला.

सणाच्या सकाळी अप्पा अंगणात बैलांची शिंगं रंगवत होते, आत पुरण शिजत होतं. वीरेश स्टँडवरून चालत आला. खांद्याला पान्यांची पिशवी, बाकी काही नाही. मी रस्त्याकडे बघितलं.

"टेम्पो कुठंय? आज न्यायची होती ना गाडी?"

"आणला न्हाई."

"का?"

"लागणार न्हाई." असं म्हणून तो पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला बसला.

मी तोंड फिरवून गाडीवर बसले. पहिली किक, काही नाही. दुसरी, एक खोकला. तिसऱ्या किकला गाडीनं असा आवाज काढला की शेजारच्या भिंतीवरचे कावळे उडाले. निळा धूर, पत्रा थरथरतोय, अप्पा हातात ब्रश घेऊन उभे राहिले. मी मान ताठ केली, फाटकाकडे बघितलं, पहिला गिअर टाकला, ऐटीत क्लच सोडला...

आणि राजदूत मागे गेली.

खरंच सांगते, उलटी. मी फाटकाकडे बघत होते आणि फाटक लांब लांब जात होतं. गोठ्याच्या मागच्या कडेला कडब्याची गंजी होती, तिच्यात आम्ही दोघी शिरलो. मी चावी बंद केली. डोक्यावर चार पेंढ्या पडल्या. बैल मान वळवून बघू लागला.

"म्हणजे चालली तर खरी," अप्पा सावकाश म्हणाले.

वीरेश काहीतरी बोलायला गेला, आणि बोलता येईना. अडीच महिन्यांत ज्याचा चेहरा कधी सरळ रेषेतून हलला नव्हता तो माणूस पोट धरून खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

"हसून झालं असंल तर हात द्या," मी कडब्यातून म्हणाले.

त्यानं हात दिला. मला उभं केलं. उभी राहिल्यावरही सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही. अप्पांना एकदम शिंगं रंगवायची घाई झाली.

"ठिणगी लवकर पडून राहिली," वीरेश हळूच म्हणाला. "टू-स्ट्रोक इंजिनात ठिणगीनं घाई केली की ते उलटंही फिरतं. पॉइंट कुणी बसवले?"

"बसवले कुणीतरी."

"पडलं तरी नाक वर."

दहा मिनिटांत त्यानं टायमिंग लावलं. या वेळी गाडी सरळ फाटकातून निघाली. मी महादेवाच्या देवळाला वळसा घालून, बाजारातून, शाळेवरून तिसऱ्या गिअरमध्ये आले. गाडी माझी झाली. अव्वानं बैलांच्या आधी माझ्या तोंडात पुरणपोळी कोंबली.

आणि वीरेश पाने पुसून एकेक पिशवीत ठेवू लागला. अगदी नीट, काही राहू नये असं. सगळं भरल्यावर उभा राहिला.

"येतो मंग," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

तो फाटकापर्यंत गेला. मी हेल्मेट उचललं.

"थांबा. स्टँडवर सोडते."

अप्पांनी वर न बघता विचारलं, "लई वेळ लागंल का?"

"लागंल थोडा."

"बरं. येताना उदगीरहून पेंड आण."

मी उदगीरचं नाव काढलं नव्हतं. मी अप्पांकडे बघितलं, ते शिंगाला लाल रंग देत होते. मी अव्वाचं स्कूटीवरचं हेल्मेट वीरेशच्या हातात दिलं आणि किक मारली.

तो मागे बसला, मध्ये पान्यांची पिशवी ठेवून. स्टँड आला. स्टँड गेला.

"स्टँड गेला की," मागून आवाज आला.

"हाव. बघितला मी."

"मंग आपण कुठं चाललो?"

"उदगीरला. मुलगा बघायला."

गाडी ठकठकत होती, दोन्हीकडे पेरणीला तयार केलेली काळी रानं.

"कुणाचा मुलगा?"

"तुमच्या आईचा."

मी बोलत राहिले, थांबले असते तर धीर सुटला असता. "स्वयंपाक येतो का मुलाला?"

"...चहा येतो. पिठलं येतं."

"लग्नानंतर माझं काम चालू राहील. चालंल का मुलाला?"

"अंबिका," तो म्हणाला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा नुसतं नाव. "गाडी बाजूला घ्या."

एका लिंबाच्या झाडाखाली मी गाडी घेतली. तो उतरला, हेल्मेट काढलं, केस मनगटानं मागे सारले. आज बोटं स्वच्छ होती.

"मला आधी बोलायचं होतं," तो म्हणाला. "दर रविवारी एसटीत ठरवून यायचो. आणि तुम्ही समोर आल्या की पिस्टन, कॉइल, असलंच काहीतरी निघायचं तोंडातून... गाडीचा नाद मी दुसऱ्याच रविवारी सोडला होता. तुम्ही मला लई आवडता."

"मला पण," मी म्हणाले. "लई."

त्यानं मान हलवली, दोनदा, काही अवघड काम मनासारखं जमल्यासारखी. मग खिशातून फोन काढून कानाला लावला आणि माझ्याकडे बघत बोलू लागला.

"आई, कांदेपोहे टाक. हाव, आत्ताच. पाहुणे येऊन राहिले... अगं न्हाई, आपल्याला कुठं जायचं न्हाई. मलाच बघायला येऊन राहिलेत."

मग फोनमधून त्याच्या आईचा प्रश्न मलाही स्वच्छ ऐकू आला, "किती जण हायती?"

"एकटीच हाय," वीरेश म्हणाला. "आणि गाडी तीच चालवून राहिली."