चंद्रावरच्या बर्फाचे वाटेकरी

दोन्ही महासत्तांचे प्रतिनिधी आजवर कधी आत्याकडे फिरकले नव्हते. मग आज एकामागोमाग एक दोघेही चहाला का येऊन गेले? शाल्मलीला हे कोडं सुटेना.

तिची आत्या, डॉ. सुमेधा खोब्रागडे, चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या भारतीय तळाची प्रमुख होती. शाल्मली सुट्टीत तिच्याकडे आली होती. तिथल्या एका विवरात (प्रचंड खड्ड्यात) कधीच ऊन पोचत नाही, म्हणून त्यात बर्फ टिकून होता. बर्फ म्हणजे पिण्याचं पाणी आणि त्यातूनच मिळणारा प्राणवायू. त्याची वाटणी उद्या ठरणार होती.

"आत्या, त्यांना काय हवं होतं गं?"

"आपला पाठिंबा. पूर्वी ते दोघं आपसात ठरवून मोकळे व्हायचे, आपल्याला नुसतं कळवायचे. आता त्या गोठवणाऱ्या अंधारात चालणारं खोदयंत्र फक्त आपल्याकडे आहे. आपण ज्याच्या बाजूला जाऊ, तो वरचढ होणार. म्हणून दोघंही आपल्याला धरून आहेत. असं सत्तासंतुलन (देशादेशांमधल्या ताकदीचा तोल) बदलतं."

"म्हणजे आपण नवी महासत्ता!"

"नवी कसली? शेकडो वर्षांपूर्वी आपलं कापड, आपले मसाले न्यायला दूरदूरची गलबतं यायची. पारतंत्र्यात ते वैभव गेलं. हा आपला पुनरुदय (मावळल्यावर पुन्हा उगवणं) आहे. आणि आपण एकटे नाही. आणखीही देश असेच उठताहेत."

शाल्मलीची छाती अभिमानाने फुलली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ती वांजिरू नावाच्या मुलीशेजारी बसली. वांजिरूची आई केनियाच्या छोट्या तळावर डॉक्टर होती. त्यांच्या टाक्यांतलं पाणी संपत आलं होतं.

महासत्तांनी प्रस्ताव मांडला: बर्फाचे तीन वाटे. दोन त्यांचे, एक भारताचा.

शाल्मली टाळी वाजवणार, तोच तिला वांजिरूचा चेहरा दिसला. तिचे हात तिथेच थांबले.

आत्या उभी राहिली. "लहान तळांना पाणी नसेल, तर भारताला हा वाटा नको. आमची यंत्रं विवरात उतरतील ती सगळ्यांसाठीच."

एक प्रतिनिधी संतापला. "मग आम्ही दोघं तुमच्याशिवाय करू!"

दुसऱ्याने मान हलवली. "नाही. त्यांच्या यंत्राशिवाय बर्फ निघणार नाही. आम्ही भारताबरोबर आहोत."

पहिला एकटा पडला. एकट्याने अडून राहणं आता परवडणारं नव्हतं. थोड्या वेळाने त्यानेही होकार दिला. वांजिरूने शाल्मलीला घट्ट मिठी मारली.

पुढच्या आठवड्यात केनियाच्या तळावर पाणी पोचलं, आणि तिथले अभियंते खोदयंत्राचं तंत्र शिकायला आत्याकडे येऊ लागले.

"आत्या, त्यांनी स्वतःचं यंत्र बनवलं, तर उद्या ते आपल्यालाही 'नाही' म्हणतील!"

"म्हणू देत की," आत्या हसत म्हणाली. "मग आपल्यालाही नीट वागावं लागेल."